‘हॉलचं तू बघ’ : वाटून दिलेली कामं फिरून आपल्याच अंगावर का येतात?

स्वयंसेवकांच्या जोरावर होणाऱ्या एखाद्या कार्यक्रमाला महिना-दीड महिना असताना बैठक होते. वीसेक जण येतात. कामांची यादी होते, प्रत्येक कामापुढे एक-दोन नावं पडतात, सगळे उत्साहात घरी जातात. मग तीन आठवडे सामसूम. शेवटच्या चार दिवसांत कळतं की यादीतली निम्मी कामं जिथल्या तिथे आहेत, आणि ती बैठक बोलावणाऱ्या दोघा-तिघांच्या गळ्यात पडतात. कार्यक्रम होतो, बराही होतो. ते दोघे-तिघे मात्र पुढचे आठ दिवस कोणाशी धड बोलत नाहीत. पुढच्या वेळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

या चक्रात मी बरीच वर्षं काढली. ‘लोकांना फक्त मिरवायला हवं, काम नको’ हे माझं तेव्हाचं निदान. बोलायला ते सोयीचं होतं, कारण त्यात माझी चूक कुठेच नव्हती. पण ज्यांच्यावर मी चिडायचो, तीच माणसं आपापल्या नोकरी-धंद्यात चोख होती. घरची कार्यं निभावत होती. म्हणजे आळस हे काही त्याचं उत्तर नव्हे.

मला उत्तर सापडलं ते एका बंद दारासमोर. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही सामानासकट हॉलबाहेर उभे होतो आणि दाराला कुलूप. मी महिन्याभरापूर्वी एका तरुण सभासदाला म्हणालो होतो, “हॉलचं तू बघ.” तो म्हणाला होता, “बघतो.” त्याने खरोखरच बघितलं होतं. तारीख ठरवली, पैसे भरले, पावती घेतली, पावतीचा फोटो ग्रुपवर टाकला. त्याच्या लेखी काम तिथे संपलं. किल्ली आदल्या संध्याकाळी आणायची असते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला ते इतकं ठाऊक होतं की सांगण्यासारखं वाटलंच नाही. पाऊण तास आम्ही बाहेर उभे राहिलो. तेवढ्या वेळात मी त्याला जे बोललो ते आठवलं की आजही ओशाळायला होतं.

आपल्या भाषेतलं ‘बघ’ हे क्रियापद फार लबाड आहे. ‘बघ’ म्हणजे चौकशी कर, की ठरवून टाक, की शेवटपर्यंत निस्तर? आणि ‘बघतो’ हे उत्तर तर त्याहून निसरडं. त्यात होकार असतो, नकारही असतो, ‘आत्ता विषय संपवा’ हेही असतं. एक ‘बघ’ म्हणतो, दुसरा ‘बघतो’ म्हणतो, आणि दोघांनाही वाटतं की काम इकडून तिकडे गेलं. गेलेलं नसतं. फक्त त्याचा उच्चार झालेला असतो.

आधी दुखणं कुठलं ते ठरवा

‘कामं होत नाहीत’ ही एक तक्रार नाही. किमान चार वेगळी दुखणी त्या एका वाक्यात दडलेली असतात. काम सुरूच झालं नाही. सुरू झालं पण वेळेत संपलं नाही. झालं, पण आपल्याला हवं होतं तसं नाही. आणि चौथं, दर वेळी तेच चार जण हात वर करतात. चारही ठिकाणी आपण एकच औषध देतो, ते म्हणजे ग्रुपवर ‘सर्वांनी आपापली जबाबदारी गांभीर्याने घ्यावी ही विनंती’ असा मेसेज. तो वाचून ज्याचं काम झालेलं आहे तोच अपराधी होतो. ज्याला उद्देशून लिहिलेला असतो, तो अंगठा दाखवून मोकळा.

मागच्या कार्यक्रमाची यादी काढा आणि फसलेल्या प्रत्येक कामापुढे या चारांपैकी काय झालं होतं ते लिहा. पंधरा मिनिटांचं काम आहे. आमच्या यादीत निम्म्याहून जास्त कामं पहिल्या प्रकारातली निघाली, म्हणून मी तिथेच जास्त वेळ थांबणार आहे.

काम सुरूच होत नाही

पहिली तपासणी : त्या कामापुढे किती नावं होती? दोन असली तर बहुधा तिथेच घोडं पेंड खातं. ‘एकाला दोघं असलेले बरे’ हा विचार वरवर शहाणपणाचा वाटतो. पण अ ला वाटतं ब ने फोन केला असेल, ब ला वाटतं अ करेलच, आणि दोघेही एकमेकांना विचारत नाहीत, कारण विचारणं म्हणजे अविश्वास दाखवण्यासारखं.

माणसाची ही खोड जुनी आहे आणि ती मोजलेलीही आहे. माक्सिमिलियाँ रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. त्याचे आकडे १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाच्या वाट्याचा जोर एकट्याने ओढताना लागणाऱ्या जोराच्या जवळपास निम्म्यावर आला. त्यातला काही भाग ताळमेळ न जुळल्याचा असतो, सगळाच कामचुकारपणा नव्हे. १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी याहून अस्वस्थ करणारा प्रयोग केला. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला फेफऱ्याचा झटका आल्याचा आवाज ऐकू येतो. ‘हे फक्त मीच ऐकतोय’ असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक तो आवाज थांबण्याआधी मदतीला उठले. आणखी चार जण ऐकत आहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी मात्र फक्त ३१ टक्के. पलीकडे माणूस तडफडत असताना ही गत, तर खुर्च्यांच्या ऑर्डरचं काय घेऊन बसलात!

पण याच संशोधनाच्या पुढच्या टप्प्यात उपायही आहे. लोकांना घोळक्यात ओरडायला, टाळ्या वाजवायला लावलं की प्रत्येक जण थोडी कसर ठेवतो, हे लाताने आणि सहकाऱ्यांच्या १९७९ च्या प्रयोगात दिसलं होतं. १९८१ मध्ये त्याच मंडळींनी दाखवलं की घोळक्यातही ‘तुझा आवाज वेगळा मोजला जातोय’ असं प्रत्येकाला पटलं की ही कसर उरत नाही. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ सरळ आहे. एका कामापुढे एकच नाव. मदतीला दहा जण घ्या, पण ‘हे झालं का?’ या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस एक. ‘सजावट समिती’ हे नाव नव्हे. समितीला फोन लावता येत नाही.

दुसरी तपासणी : होकार कुठे मिळाला होता? वीस जणांसमोर “तू करशील ना रे?” विचारलं की कोण नाही म्हणणार? भीड ही भिकेची बहीण म्हणतात. भिडेपोटी मिळालेला होकार शेवटी आपल्यालाच दारोदार फिरायला लावतो. आता मी बैठकीत फक्त कामं वाचून दाखवतो. नावं नंतर, एकेकाला फोन करून. फोनवर काम सांगतो, किती वेळ जाईल ते खरं सांगतो (‘छोटंसंच आहे’ हे शब्द वर्ज्य), आणि म्हणतो, “लगेच सांगू नका. उद्या संध्याकाळी मी पुन्हा फोन करतो. नाही म्हणालात तरी चालेल, मला आत्ताच कळलेलं बरं.” पहिल्या वर्षी सात जण नाही म्हणाले. वाईट वाटलं. मग लक्षात आलं की आधीच्या वर्षी हेच सात नकार मला शेवटच्या आठवड्यात मिळाले होते.

तिसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची : त्या माणसाला नेमकं काय दिलं होतं? ‘हॉलचं तू बघ’ या तीन शब्दांऐवजी मी आता जे पाठवतो ते साधारण असं असतं :

“कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सात वाजता हॉलचं दार उघडं, दिवे-पंखे चालू आणि १२० खुर्च्या मांडलेल्या असाव्यात. त्यासाठी बुकिंग, किल्ली, खुर्च्या आणि शेवटी हॉल झाडून परत देणं, सगळं तुझ्याकडे. ठरलेल्या रकमेच्या आत असेल तर मला विचारू नकोस, परस्पर ठरव. रक्कम ओलांडत असेल किंवा वेळ बदलत असेल तर आधी फोन कर. मागच्या वेळी आपण किल्लीवर अडलो होतो. या रविवारपर्यंत तिथल्या व्यवस्थापकांना फोन करून किल्ली कधी, कोणाकडून मिळते ते विचार आणि मला दोन ओळी कळव.”

यात पाच गोष्टी आहेत. शेवटी काय दिसलं पाहिजे. कुठून कुठपर्यंतचं काम. कशात विचारायचं, कशात नाही. मागे कुठे अडलं होतं. आणि पहिलं पाऊल, तारखेसकट. शेवटची गोष्ट बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. ‘कार्यक्रम अमुक तारखेला’ ही मुदत एवढी लांब असते की आज काहीच करावंसं वाटत नाही. रविवारपर्यंत एक फोन, हे मात्र करण्यासारखं असतं. आणि तो फोन झाला नाही, तर आपल्याला पाच आठवडे आधी कळतं.

निरोप पाठवल्यावर ‘समजलं ना?’ विचारू नका. त्याला ‘हो’ शिवाय उत्तर नसतं. “सुरुवात कुठून करशील?” असं विचारा. उत्तरात एखादी वार-वेळ, एखाद्याचं नाव आलं तर काम पोचलं. “बघतो एकदा” आलं तर काम अजून तुमच्याच हातात आहे असं समजा.

सुरू होतं, पण वेळेत संपत नाही

इथे दोष बहुतेकदा अंदाजाचा असतो, आणि तो देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांचाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना आपला प्रबंध किती दिवसांत संपेल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज ३३.९ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५.५. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे ‘जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं तर किती दिवस?’ असंही विचारलं होतं. त्याचं उत्तर आलं ४८.६. वाईटात वाईट धरूनही अंदाज कमीच पडला. तेव्हा कोणी ‘दोन दिवसांत होईल’ म्हणालं की तो खोटं बोलत नसतो, त्याला मनापासून तसंच वाटत असतं.

उपाय दोन. एक, कामाचे तुकडे त्याच्याकडूनच मोजून घ्या. ‘निमंत्रणपत्रिका’ हे एक काम दिसतं. मजकूर, पाहुण्यांच्या नावांची खातरजमा, मांडणी, मुद्रितशोधन, छपाई, वाटप असे सहा तुकडे लिहून काढले की ‘दोन दिवस’ आपोआप मागे घेतले जातात. दोन, कार्यक्रमाच्या तारखेपासून उलटं मोजत या आणि सगळ्या कामांची मुदत आठवडाभर आधीची ठेवा. ती खोटी मुदत आहे हे सगळ्यांना कळतं, असा आक्षेप येतो. म्हणून मी ती लपवत नाही. त्या दिवशी सगळ्यांची अर्ध्या तासाची भेट ठेवतो, प्रत्येकाने आपलं काम दाखवायचं. ‘झालंय’ हे सांगायचं नाही, दाखवायचं. पत्रिका हातात द्यायची, माइक लावून बोलून दाखवायचं.

मधल्या काळात किती वेळा विचारावं? माझा ठोकताळा असा : पहिल्या पावलानंतर एकदा, निम्म्या वाटेवर एकदा, आणि त्या आठवडाआधीच्या भेटीत. त्याहून जास्त फोन म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. आणि पुढचा फोन कधी येणार हे आधीच सांगून ठेवायचं. न सांगता आलेला फोन पाळत ठेवल्यासारखा वाटतो, ठरवून आलेला सोबतीसारखा.

झालं, पण वेगळंच झालं

इथे आरशात बघायची तयारी हवी. एका कार्यक्रमाचा फलक एका ताईंनी मेहनतीने करून आणला. मला त्यातली अक्षरं आवडली नाहीत. रात्री बसून मी तो नवा केला आणि सकाळी माझाच लावला. त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढे कुठल्याच कामाला आल्या नाहीत, आणि मी बराच काळ इतरांना सांगत राहिलो की त्यांचा उत्साह टिकला नाही.

काम दिलं पण निर्णय दिला नाही, तर समोरचा स्वयंसेवक राहत नाही, हमाल होतो. पगारी माणूस ते सहन करतो, कारण महिनाअखेर काहीतरी हातात पडतं. स्वयंसेवकाला मिळण्यासारखी गोष्ट एकच असते : ‘हे मी केलं’ म्हणता येणं. तीच आपण काढून घेतली तर त्याने कशासाठी यावं? म्हणून ज्यात तडजोड चालणार नाही ते आधी सांगा (नावांचं शुद्धलेखन, वेळ, पत्ता) आणि बाकीचं सोडून द्या. फलकाचा रंग मनासारखा नसला तरी एकही पाहुणा परत जात नाही.

याच्या उलट प्रकारही होतो. स्वयंसेवक दर दोन दिवसांनी विचारतो, “कुठला रंग घेऊ?”, “किती वाजता बोलावू?” आणि आपण मोठेपणाने उत्तरं देत राहतो. विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वास यांनी १९७४ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’तल्या लेखात यासाठी माकडाची उपमा वापरली होती : प्रश्न घेऊन आलेल्याच्या पाठीवरचं माकड ‘बरं, मी बघतो’ म्हणताच आपल्या पाठीवर उडी मारतं. (म्हणजे ‘बघतो’ तिथेही आहेच.) उत्तर देण्याआधी विचारावं, “तुला काय वाटतं?” बहुतेकांनी मनात ठरवलेलं असतं, त्यांना फक्त चुकलं तर बोल लागेल ही भीती असते. “मग तेच कर, कोणी काही म्हटलं तर मी सांगितलं होतं म्हण,” एवढं पुरतं.

दर वेळी तेच चार जण

बाकीचे येत नाहीत, कारण आपण जे देतो ते काम नसून संसार असतो. ‘नोंदणीची जबाबदारी’ ऐकूनच माणूस मागे सरकतो. ‘शनिवारी दोन तास बसून चाळीस फोन करायचे आहेत, यादी आणि बोलायचा मजकूर मी देतो’ याला तोच माणूस हो म्हणतो. सुरुवात, शेवट आणि तास माहीत असलेलं काम द्या. एकदा दोन तासांचं केलेला माणूस पुढच्या वेळी मोठं काम मागायला येण्याची शक्यता असते. सगळेच येतील असं नाही.

आणि एक खोड सोडा : हिशेबनीस दिसला की त्याला हिशेब देणं, शिक्षिका दिसल्या की मुलांचा गट देणं. दिवसभर जे केलं तेच संध्याकाळी फुकट करायचं? आमच्याकडे आकडेमोडीच्या नोकरीतल्या एका काकांना तीन वर्षं खजिनदार करून ठेवलं होतं. त्यांना सूत्रसंचालन करायचं होतं, हे चौथ्या वर्षी कळलं, तेही त्यांच्या मुलीकडून.

आठवडा उरला आणि एक जण गायब आहे

मेसेज नको, फोन करा. ‘का झालं नाही?’ विचारलंत की पुढची दहा मिनिटं कारणं ऐकण्यात जातील. दोनच प्रश्न : कुठपर्यंत आलंय, आणि कशावर अडलंय? अडलेलं सुटण्यासारखं असेल तर तेवढंच सोडवा आणि काम त्याच्याकडेच राहू द्या. सुटण्यासारखं नसेल तर काम पूर्ण काढून घ्या, सरळ शब्दांत, त्याची सुटका केल्यासारखं : “हे आता माझ्याकडे, तू मोकळा. कागद आणि नंबर तेवढे पाठव.” अर्धं त्याच्याकडे, अर्धं आपल्याकडे ठेवलं की पुन्हा दोन नावांचा घोटाळा.

घाबरून पाच जणांना त्या कामावर सोडू नका. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, असं संगणकक्षेत्रातले फ्रेड ब्रुक्स १९७५ मध्ये सांगून गेले. गणित सोपं आहे. चौघांमध्ये परस्परांशी बोलण्याच्या सहा जोड्या होतात, नऊ जणांमध्ये छत्तीस. शेवटच्या आठवड्यात छत्तीस संभाषणं सांभाळत बसण्यापेक्षा यादीतलं काहीतरी कापा. स्मरणिका नसली तर कोणाच्या लक्षात येत नाही. आवाज नसला तर सगळ्यांच्या येतं. काय कापायचं ते शांत डोक्याने, महिनाभर आधी ठरवून ठेवलेलं असलं तर उत्तम.

काही गोष्टी मात्र मी वाटत नाही : पैशांवरची अंतिम सही, कोणी पडलं-झडलं तर काय करायचं याचा निर्णय, आणि भांडण मिटवणं.

हे सगळं करूनही एखादा असतोच. तोंडभरून हो म्हणतो, दोनदा, तीनदा तोंडघशी पाडतो, आणि माणूस म्हणून इतका लाघवी की रागावताही येत नाही. त्याला तयारीची कामं देणं मी बंद केलं. त्याला कार्यक्रमाच्या दिवसाची कामं देतो : दारात उभं राहून लोकांचं स्वागत, गाड्या लावून देणं, वृद्धांना खुर्चीपर्यंत नेणं. आठवडाभर आधीचा फोन ज्याच्याकडून होत नाही, तोच त्या दिवशी आठ तास न बसता राबताना मी पाहिलाय. फक्त त्याला यायची वेळ अर्धा तास आधीची सांगायची.